पेटीसमोर मेलेल्या माश्यांचा सडा: दोष पेटीत शोधावा की शिवारात?

काल संध्याकाळपर्यंत भरभरून चालणारी पेटी आणि आज सकाळी तिच्या दारासमोर मेलेल्या माश्यांचा सडा. शेतात मधपेट्या ठेवणाऱ्याला हे कधी ना कधी दिसतेच. मग बहुतेक जण लगेच झाकण काढतात, चौकट्या उपसतात आणि हाताशी असेल ते औषध आत टाकतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! शेतीच्या भागात एकाएकी माश्या मरतात तेव्हा कारण बहुधा पेटीबाहेर, दीड ते तीन किलोमीटरच्या आत कुठेतरी मारलेले कीटकनाशक असते. पेटी न उघडताच अर्धे निदान करता येते. हे दुखणे इतक्या वेळा हाताखालून गेले आहे की तपासणीचा क्रम आता ठरून गेला आहे. बिनखर्चाच्या गोष्टी आधी, खर्चाच्या आणि कटकटीच्या शेवटी.

लक्षणे

विषबाधा दोन तऱ्हांनी दिसते. पहिली एकदम येते:

- एका दिवसात दारासमोर आणि तळपाटावर मेलेल्या, अर्धमेल्या माश्यांचा थर साचतो.
- जिवंत असलेल्या थरथरतात, पाठीवर पडून गरगर फिरतात, उडता येत नाही म्हणून गवताच्या काड्यांवर सरपटत राहतात.
- मेलेल्यांपैकी बऱ्याच जणींची सोंड पूर्ण बाहेर आलेली असते. काहींच्या पायांवर परागाच्या गोळ्या तशाच असतात.
- काहींचे अंग ओले, चिकट दिसते. पोटातला मकरंद त्यांनी ओकून टाकलेला असतो. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांत हे जास्त दिसते.
- एरवी शांत असलेली वसाहत अकारण अंगावर येते.

दुसरी तऱ्हा कपटी. दारात मेलेले काहीच नाही, पण आठवडाभरात वर्दळ ओसरते. आत पाहिले तर राणी आहे, पिलावा (अंडी, अळ्या, कोष) आहे, कोवळ्या माश्याही आहेत. बाहेरून चारा आणणाऱ्या तेवढ्या गायब. किंवा पिलावा ठिगळठिगळ दिसतो, अळ्या मरतात, अर्धवट वाढलेली पांढरी पिल्ले दाराबाहेर फेकलेली सापडतात. राणीची अंडी कमी होतात, माश्या तिला बदलायला नव्या राणीकोठ्या बांधू लागतात.

पहिल्या तऱ्हेवर आरडाओरडा होतो. माझ्या मते पेट्या जास्त जातात त्या दुसरीत, कारण लक्षात येईपर्यंत महिना उलटलेला असतो आणि कोणती फवारणी नडली हे कुणालाच आठवत नाही.

प्रेते दिसत नाहीत म्हणून विष नाही, असे धरून चालू नका. जलद मारणारे औषध माशीला शेतातच पाडते. नियोनिकोटिनॉइड गटातली औषधे मेंदूवर काम करतात आणि न मारणाऱ्या मात्रेतही माशीची वाट चुकवतात. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१२ साली माश्यांच्या पाठीवर सूक्ष्म रेडिओ चिप चिकटवून हे तपासले. या गटातल्या थायामेथोक्झामची न मारणारी मात्रा दिलेल्या माश्यांत घरी न परतणाऱ्यांचे प्रमाण स्पष्टपणे वाढले. वाट चुकलेली माशी रात्र बाहेर काढत नाही. ती मेलीच, फक्त तुमच्या दारात मेली नाही.

तपासणी १: मोजा

पेटीपुढे फिक्या रंगाचे जुने कापड किंवा गोणपाट अंथरा. गवतात पडलेल्या माश्या दिसत नाहीत, कापडावर दिसतात. रोज ठरलेल्या वेळी मोजा, झटकून टाका, तारीख लिहा.

मोजायचे अशासाठी, की माश्या रोज मरतातच. हंगामात कामकरी माशीचे आयुष्य जेमतेम सहा आठवड्यांचे असते. मेलिफेराच्या (परदेशी जातीच्या मधमाशीच्या) भरलेल्या पेटीपुढे दिवसाला १०० पर्यंत मेलेल्या माश्या दिसल्या तर ती रोजची झड समजतात. २०० ते ४०० म्हणजे सौम्य फटका, ५०० ते ९०० मध्यम, १००० च्या पुढे जबर. सातेरीची (आपल्या देशी मधमाशीची) वसाहत लहान असते, तिथे हे आकडे बरेच खाली आणून वाचा. शिवाय माश्या आपली प्रेते उचलून दूर टाकतात, तेव्हा मोजलेला आकडा खऱ्यापेक्षा कमीच असतो.

आकड्याइतकीच वक्ररेषा महत्त्वाची. विषबाधेत आकडा एकदम वर चढतो आणि काही दिवसांत खाली येतो. आजारात तो हळूहळू वाढतो आणि रेंगाळतो. ही वही नसेल तर पुढच्या सगळ्या तपासण्या अंदाजपंचे होतात.

तपासणी २: कोणत्या पेट्यांना झळ बसली?

सगळ्यात स्वस्त आणि माझ्या अनुभवात सगळ्यात बोलकी तपासणी हीच. रांगेतून चालत जा आणि पाहा, दणकट पेट्या आधी पडल्या की अशक्त?

विषाचा मार दणकट पेटीला जास्त बसतो. तिच्या बाहेर जाणाऱ्या माश्या जास्त, त्यामुळे आत येणारे विषही जास्त. रोग, मेणकिडा, उपासमार हे सगळे अशक्त पेटीला आधी गाठतात. रांगेतली सर्वांत भारी पेटी एका रात्रीत रिकामी झाली आणि कोपऱ्यातली मरतुकडी पेटी टुणटुणीत राहिली, तर संशयाची सुई थेट शिवाराकडे वळवा.

एका गोष्टीने फसू नका. शेजारशेजारच्या दोन पेट्या एकाच शेतात जातात असे नाही. चारा सापडलेली माशी पोळ्यावर नाचून आपल्या बहिणींना दिशा आणि अंतर सांगते, त्यामुळे एका पेटीच्या झुंडी एका मळ्यावर आणि दुसरीच्या भलत्याच दिशेला असू शकतात. म्हणून एकच पेटी पडली तरी विषबाधा बाद होत नाही. अनेक पेट्या एकाच दिवशी पडल्या तर मात्र दुसरे कारण शोधायला बराच जोर लावावा लागेल.

तपासणी ३: दहा मिनिटे दाराशी बसा

औषधावर खापर फोडण्याआधी हे वगळून घ्या:

लूटमार असेल तर दारात झटापट दिसते, पंख फाटलेले असतात, तळपाटावर मेणाचा भुगा पडतो. मेलेल्या सगळ्या मोठ्या डोळ्यांच्या, बोजड अंगाच्या असतील तर ते नर आहेत. चारा आटला की कामकरी माश्या त्यांना हाकलतात, त्यात काळजी नाही. पेटी मागून जरा उचलून पाहा. हलकी लागली आणि पुढे आत पाहताना मेलेल्या माश्या कोठ्यांत डोके खुपसलेल्या सापडल्या, तर त्या भुकेने मेल्या. पंख चुरगळलेले, अपुरे असतील तर व्हरोआ कोळी आणि त्याने पसरवलेला विषाणू. पेटीच्या पुढच्या फळीवर विष्ठेचे डाग असतील तर नोसेमाचा (आतड्याच्या रोगाचा) किंवा हगवणीचा संशय.

सगळ्यात जास्त गफलत पक्षाघाताच्या विषाणूने होते. त्यातही माश्या थरथरतात आणि सरपटतात. पण त्यांच्या अंगावरची लव गेलेली असते, त्या काळ्या, तेलकट चकाकणाऱ्या दिसतात आणि प्रकार आठवडेच्या आठवडे चालतो. विषबाधेत मेलेली माशी सहसा लवदार, धडधाकट दिसते. मेली नसती तर कामावर गेली असती अशी.

तपासणी ४: शिवारात फेरी मारा आणि विचारा

इथे वेळ लागतो, पैसा लागत नाही. खरे उत्तर बहुतेकदा इथेच मिळते.

मेलेल्या माश्यांच्या पायांवरच्या परागाचा रंग आधी पाहून ठेवा. मग सातेरीसाठी साधारण दीड किलोमीटर आणि मेलिफेरासाठी तीन किलोमीटरच्या परिघात काय फुलले आहे ते पाहा. माश्या याहून लांबही जातात, पण सुरुवात इथून करा. परागाचा रंग आणि फुलाचा रंग जुळला की कोणत्या शेताच्या मालकाशी बोलायचे ते कळते.

बोलताना भांडायला गेल्यासारखे जाऊ नका. शेतकऱ्याला दोष दिला की तो गप्प होतो आणि तुमचे निदान तिथेच खुंटते. चारच प्रश्न विचारा: काय मारले, कोणत्या दिवशी, दिवसाच्या कोणत्या वेळी आणि टाकीत सोबत काय मिसळले. अचानक पडलेल्या पेटीसाठी मागचे दोन-तीन दिवस पुरतात. पिलावा बिघडला असेल तर तीन आठवडे मागे जावे लागते. अंड्यापासून कामकरी माशी व्हायला सुमारे २१ दिवस लागतात आणि किडीची वाढ रोखणारी औषधे, उदाहरणार्थ नोव्हाल्युरॉन किंवा डायफ्लुबेन्झुरॉन, मोठ्या माश्यांना फारसा धक्का लावत नाहीत. कात टाकणाऱ्या अळ्यांना मारतात.

“पिकाला फूलच नव्हते, मग माश्या कशाला येतील?” हे उत्तर हमखास मिळेल, आणि शेतकरी खोटे बोलत नसतो. फूल नसतानाही माश्या येतात. कपाशीच्या पानांच्या मागच्या शिरांवर मकरंद स्रवणाऱ्या ग्रंथी असतात, त्यासाठी पाते (फुलकळी) लागण्याआधीच माश्या तिथे घिरट्या घालतात. मावा आणि पांढरी माशी सोडतात तो चिकट गोड द्रवही त्या चाटतात, आणि फवारणी नेमकी मावा-पांढऱ्या माशीवरच होते! मक्याचे परागीभवन वाऱ्याने होते, तरी तुरा आला की सकाळी परागासाठी झुंबड उडते. बागेत झाडांना फळे धरलेली असतात आणि खाली तण फुललेले असते. फवारा झाडावर मारला तरी गळतो तणावर. बांधावरचे फुललेले तणही वाऱ्याने आलेल्या तुषारांत भिजते. म्हणून पीक फुलात होते का, एवढ्यावर थांबू नका. फवारा जिथे जिथे पडला तिथे माशीच्या खाण्याजोगे काही होते का, ते पाहा.

पेरणीचेही विचारा. २००८ साली जर्मनीत ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यात सुमारे ११,५०० वसाहतींना फटका बसला आणि त्याचे कारण फुलांवरचा फवारा नव्हते. मक्याच्या बियाण्याला क्लोथियानिडिन चोळलेले होते, पण ते नीट चिकटले नव्हते. हवेच्या दाबावर चालणाऱ्या पेरणीयंत्रांनी त्याची धूळ बाहेर फेकली आणि ती शेजारच्या फुललेल्या पिकांवर जाऊन बसली. तेव्हा आसपास बीजप्रक्रिया केलेल्या बियाण्याची यांत्रिक पेरणी झाली असेल, हवा कोरडी आणि वाहती असेल, तर तीही वहीत लिहा.

चौथा प्रश्न, मिश्रणाचा, लोक विसरतात. “कीटकनाशक नव्हतेच हो, नुसते बुरशीनाशक आणि थोडे सौम्य औषध.” इथे पाणी मुरते. माशीच्या शरीरात विष मोडणारी विकरे (एन्झाइम) असतात. प्रोपिकोनॅझोल, प्रोक्लोरॅझ यांसारखी बुरशीनाशके बुरशीतली ज्या जातीची विकरे बंद पाडतात, त्याच जातीची माशीतली विकरेही काही प्रमाणात अडवतात. मग एरवी माशीने पचवले असते असे कीटकनाशक तिला मारते. ॲसिटामिप्रिड आणि थायाक्लोप्रिड ही नियोनिकोटिनॉइडमधली माशीला त्यातल्या त्यात सोसणारी औषधे. अशा बुरशीनाशकासोबत त्यांची विषबाधा प्रयोगशाळेत अनेक पटींनी वाढलेली दिसली आहे. काही पायरेथ्रॉइड कीटकनाशकांचेही तसेच. वेगवेगळी निर्धोक ठरलेली दोन औषधे एका टाकीत निर्धोक राहतीलच असे नाही.

तपासणी ५: रिकामा डबा वाचा

शेतकऱ्याकडून डबा किंवा पुडा मागून घ्या, निदान त्याचा फोटो काढा. व्यापारी नावाला अर्थ नाही, सक्रिय घटक वाचा. डब्यावरचा धोक्याचा रंग किंवा चिन्ह माणसासाठी असते. माणसाला कमी विषारी असलेले औषध माशीला जहाल असू शकते आणि नियोनिकोटिनॉइड त्याचे ठळक उदाहरण. इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन, थायामेथोक्झाम यांची एका माशीला मारणारी मात्रा नॅनोग्रॅममध्ये मोजतात, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागात. युरोपीय संघाने २०१८ मध्ये या तिन्हींच्या उघड्या शेतातल्या वापरावर बंदी घातली ती यामुळेच. पण गट पाहून सरसकट ठरवू नका. त्याच गटातले थायाक्लोप्रिड एकटे असताना माशीला शेकडो पटींनी कमी विषारी आहे.

औषध कोणत्या रूपात होते हेही बघा. धुरळणीची भुकटी सर्वांत वाईट, कारण ती माशीच्या लवेत परागासारखी अडकते, गोळीत बांधली जाते आणि पेटीत साठवली जाते. सूक्ष्म कुप्यांत बंद केलेली औषधेही तशीच आत जातात. पाण्यात मिसळायची भुकटी साधारणपणे द्रवरूप औषधापेक्षा जास्त टिकते. जमिनीत टाकायचे दाणेदार औषध माशीच्या थेट संपर्कात क्वचित येते, मात्र ते आंतरप्रवाही (झाडाच्या अंगात भिनणारे) असेल तर मुळांतून मकरंदापर्यंत चढते. तिथे फवारणीची वेळ बदलून काही साधत नाही.

तपासणी ६: पाणी

माश्या पाणी पितात कुठे ते शोधा. पंप धुतल्याची जागा, औषध कालवायच्या पिंपाभोवतीची ओल, फवारलेल्या शेतातली डबकी, बीजप्रक्रिया केलेल्या कोवळ्या रोपांच्या पानाटोकांवर पहाटे जमणारे थेंब. अशा थेंबांत आंतरप्रवाही औषध बरेच तीव्र असू शकते. पेट्यांजवळ स्वच्छ पाण्याचे पसरट भांडे, त्यात बसायला खडे किंवा काड्या, एवढे कायमचे ठेवा. माश्यांना एका पाणवठ्याची सवय झाली की ती मोडत नाही, म्हणून पेट्या मांडल्या त्याच दिवशी पाणी मांडा.

तपासणी ७: आता पेटी उघडा

मुखजाळी, हातमोजे घाला आणि थोडक्यात आटपा. आधीच खिळखिळ्या झालेल्या वसाहतीचा पिलावा गार पडायला वेळ लागत नाही.

ताजी अंडी आहेत का पाहा. असतील तर राणी तीन दिवसांपूर्वीपर्यंत होती, तिला शोधत बसू नका. पिलाव्यावर पुरेशा माश्या आहेत का? चारा आणणाऱ्या मेल्या की आतल्या कोवळ्या माश्यांना वेळेआधी बाहेर पडावे लागते, पिलावा उघडा पडतो, अळ्या उपाशी मरतात. त्या मृत अळ्या पाहून रोग समजून औषध देणारे पुष्कळ आहेत. सातेरीत मात्र अळी पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी झाली असेल, डोक्याकडून काळवंडून कोठीत ताठ पडली असेल, तर तो थैली पिलावा रोग. त्याचा फवारणीशी संबंध नाही.

मेलिफेरा असेल तर पिठीसाखरेने व्हरोआ मोजून घ्या. पिलाव्याच्या चौकटीवरच्या साधारण ३०० माश्या जाळीच्या झाकणाच्या बरणीत घ्यायच्या (राणी त्यात नाही ना ते दोनदा पाहा), पिठीसाखर टाकून घोळायच्या आणि जाळीतून पडलेले कोळी मोजायचे. शंभर माश्यांमागे तीनच्या वर निघाले तर वसाहत खंगण्याला तेच कारण पुरेसे आहे. कोळ्याने पोखरलेली वसाहत थोड्या विषानेही आडवी होते, तेव्हा दोन्ही कारणे एकत्रही असू शकतात.

शेवटी परागाच्या चौकट्या. मेलेल्यांच्या पायांवर होता त्याच रंगाचा पराग नुकताच भरलेला दिसला, तर विष आता घरात साठले आहे. शेत स्वच्छ झाले तरी पिल्लांना हेच खाऊ घातले जाणार. एकदा सावरलेली पेटी तीन आठवड्यांनी परत का घसरते, त्याचे हे नेहमीचे कारण.

तपासणी ८: नमुना प्रयोगशाळेत

खर्चिक काम, आणि भरपाई किंवा तक्रारीचा प्रश्न असेल तरच करावे असे मला वाटते. पण निर्णय नंतर घेतलात तरी नमुना पहिल्याच दिवशी घ्या. उन्हात पडलेल्या प्रेतांतले विष झपाट्याने विघटित होते. नुकत्याच मेलेल्या किंवा मरायला टेकलेल्या माश्या, निदान दोन-तीनशे, हातमोजे घालून स्वच्छ डब्यात गोळा करा आणि लगेच गोठवा. परागाच्या पोळ्याचा तुकडा वेगळ्या डब्यात. दोन्हींवर तारीख, वेळ, जागा. पाठवण्याआधी प्रयोगशाळेला विचारा की किती नमुना हवा आणि तिथे कोणकोणते घटक शोधतात. संशयित घटकाचे नाव सांगितले नाही तर शोधायचे राहून जाऊ शकते. अहवालात काही आढळले नाही म्हणजे विषबाधा झालीच नव्हती असे सिद्ध होत नाही. मात्रा यंत्राच्या पकडीखाली असू शकते किंवा विष आधीच मोडलेले असू शकते.

निदान झाले, आता काय?

मेलेल्या वसाहतीची पेटी ताबडतोब बंद करा, नाहीतर शेजारच्या पेट्या तिच्यातला मध लुटून विष घरी नेतील. ताज्या परागाच्या चौकट्या काढून पुरून टाका. मेण वितळवून वापरू म्हणू नका, चरबीत विरघळणारी औषधे वितळल्यावरही मेणात राहतात. वाचलेल्या वसाहतीचे दार अरुंद करा, समप्रमाणात साखर आणि पाणी घेऊन केलेला पाक रात्री आत द्या, बाहेर सांडू देऊ नका. माश्या मूठभरच उरल्या असतील तर दुसऱ्या वसाहतीशी मध्ये वर्तमानपत्राचा कागद घालून जोडा. दोन अर्धमेल्या पेट्या जिद्दीने वेगळ्या जगवण्यात मतलब नाही. राणी आणि पिलावा शाबूत असेल तर पूर्ववत वर्दळ दिसायला पाच-सहा आठवडे जातात, कारण कोठीतून निघालेली माशी चारा आणायला लागेपर्यंत आणखी दोन-तीन आठवडे लागतात. त्या काळात कोणतेही औषध पेटीत घालू नका. आणि त्या हंगामातला मध तपासल्याशिवाय काढू नका, खाऊ नका, विकू नका.

पुन्हा होऊ नये म्हणून

फवारणी थांबवा, असे शेतकऱ्याला सांगून भागत नाही. त्याचे पीक जाते. वेळेवर मात्र तो बहुतेकदा राजी होतो. माश्या परतल्यावर, सूर्यास्तानंतर फवारा मारला तर थेट अंगावर पडत नाही आणि लवकर ओसरणारी औषधे सकाळपर्यंत बरीच निष्प्रभ होतात. स्पिनोसॅडसारखे औषध ओले असताना जहाल असते, सुकल्यावर त्याची धार पुष्कळ उतरते. गार, दवाच्या रात्री मात्र औषध उशिरापर्यंत टिकते. इमिडाक्लोप्रिड, क्लोरपायरीफॉस यांना रात्र पुरत नाही. ती फुलोऱ्यात नकोतच.

फुलाचा स्वभाव लक्षात घ्या. लाल भोपळा, काकडी यांची फुले एकच दिवस टिकतात. संध्याकाळी मारलेला स्पर्शजन्य फवारा मिटल्या फुलांवर पडतो आणि सकाळी नवी फुले उमलतात. सूर्यफूल किंवा कांद्याचे गोंडे मात्र कित्येक दिवस माश्यांना बोलावत राहतात. तिथे काल मारलेले औषध आजही ताटात असते. बागेत फवारणीआधी खालचे फुललेले तण कापून घेणे हा फुकटातला आणि हमखास उपाय.

आदल्या दिवशी निरोप मिळाला तर अंधार पडल्यावर पेट्या हलवा, नेहमीच्या पल्ल्याच्या बाहेर. मेलिफेरासाठी चार-पाच किलोमीटर तरी. त्याहून जवळ नेल्या तर माश्या जुन्या जागी परततील. हलवणे शक्य नसेल तर रात्री दारावर जाळी लावून, वर ओले गोणपाट टाकून काही तास अडवता येतात. उष्णतेत गोणपाट ओले ठेवणारे माणूस तिथे नसेल तर हा उपाय करू नका. कोंडून गुदमरलेली वसाहत विषापेक्षा लवकर मरते.

प्रत्येक पेटीवर तुमचा फोन नंबर ठळक लिहा. निरोप द्यावासा वाटणाऱ्याला तो शोधावा लागू नये.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

रांगेतल्या निम्म्याहून जास्त पेट्या एका दिवसात पडल्या असतील तर काहीही साफ करू नका. फोटो काढा, नमुना गोठवा आणि कृषी खात्याच्या अधिकाऱ्याला पंचनाम्यासाठी बोलवा. झाडून घेतलेल्या जागेचा पंचनामा होत नाही.

पिलाव्याला आंबूस किंवा सडका वास येत असेल, मेलेल्या अळीत काडी घालून ओढल्यावर चिकट तार निघत असेल, तर तो जिवाणूंचा रोग असू शकतो. चौकट्या एका पेटीतून दुसरीत नेणे तत्काळ बंद करा, अवजारे वेगळी ठेवा आणि मधमाशी रोगांच्या तज्ज्ञाला दाखवा. अंदाजाने प्रतिजैविक देऊ नका.

एकाच जागी लागोपाठ दोन हंगाम हेच झाले, वेळेबद्दल बोलूनही झाले आणि आसपास आंतरप्रवाही औषधांचाच वापर असेल, तर जागा सोडा.

फवारलेल्या शेतातून किंवा पेट्यांजवळून आल्यावर डोके दुखणे, मळमळ, खूप घाम, तोंडाला पाणी सुटणे, नजर अंधुक होणे यांतले काहीही जाणवले तर माश्यांचे काम तिथेच टाका. कपडे बदला, साबणाने अंग धुवा आणि औषधाचा डबा किंवा त्याच्या वेष्टनाचा फोटो घेऊन लगेच डॉक्टरांकडे जा. कोणता घटक होता हे कळले की त्यांचे उपचार लवकर सुरू होतात.